हातात फाइल, तरी उत्तर मोघम का?

नव्या गावात बदली झाली की माणसं आधी दूधवाला शोधतात, मग डॉक्टर, आणि जून उजाडला की कर सल्लागार. पूर्वी हा शोध कँटीनमधल्या सहकाऱ्याला विचारून लागायचा, आता मोबाइलवरच्या नकाशात लागतो. नाव मिळतं, पत्ता मिळतो, ४.६ असा काहीतरी आकडा दिसतो आणि थोडं खाली सरकलं की एक तारा देऊन लिहिलेला मजकूर: ‘पैसे आधी घेतात. रिफंड अजून आला नाही. फोन उचलत नाहीत. कोणीही जाऊ नये.’ लिहिणाऱ्याचं नाव ‘ट्रू इंडियन’ नाहीतर नुसतं ‘आर. के.’ आणि फोटोच्या जागी गुलाबाचं फूल.

त्याखाली सल्लागाराचं उत्तर असतं. कधी ते तावातावाने लिहिलेलं असतं, कधी इतकं गुळमुळीत की वाचून काहीच हाती लागत नाही. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो तो इथेच. या सल्लागाराकडे विवरणपत्राची पोचपावती आहे, व्हॉट्सअॅपवरचे संदेश आहेत, फी कधी मिळाली त्याची नोंद आहे. मग सगळा हिशेब मांडून तो त्या आर. के.ला गप्प का करत नाही? काहीतरी लपवायचं असेल म्हणूनच ना?

बहुतेक वेळा तसं नसतं. का नसतं, हे कळायला आधी तारे, रिफंड आणि गोपनीयता या तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

एक तारा किती जड

नकाशावर दिसणारा आकडा म्हणजे मुख्यतः साधी सरासरी. एक चमचा तिखट पातेलंभर आमटीत पडलं तर कोणाला कळतही नाही, पण तेच वाटीभर आमटीत पडलं तर घास घेववत नाही. ताऱ्यांचंही तसंच आहे. एखाद्या मॉलला हजारो लोकांनी तारे दिलेले असतात. गल्लीतल्या कर सल्लागाराला मात्र कोणी मुद्दाम तारे द्यायला जात नाही. काम वेळेवर झालं, रिफंड आला, संपलं. विजेचं बिल भरलं म्हणून कोणी वीज मंडळाचं कौतुक लिहीत नाही, तसंच हे.

समजा एका सल्लागाराला पाच जणांनी पाच-पाच तारे दिले आहेत. सहाव्याने एक तारा दिला. बेरीज २६, माणसं ६, सरासरी ४.३. आता हा आकडा पुन्हा ४.८वर न्यायचा तर पाच तारे देणारी आणखी १४ माणसं लागतात. एका रागावलेल्या माणसाला तोडीस तोड म्हणून १४ समाधानी माणसं.

ती गोळा कशी करायची? दुकानदार काउंटरवर क्यूआर कोड लावतो आणि ‘तारे द्या’ म्हणतो. चार्टर्ड अकाउंटंटला इथे दहा वेळा विचार करावा लागतो. चार्टर्ड अकाउंटंट्स अॅक्ट, १९४९च्या पहिल्या परिशिष्टात जाहिरात, परिपत्रक किंवा इतर कोणत्याही मार्गाने, थेट वा आडून, व्यवसाय मागणं हे गैरवर्तन ठरवलेलं आहे. राहिला भाचे-पुतण्यांकडून पाच तारे टाकून घेण्याचा मार्ग. तो वापरणारे कमी नाहीत. पण एकाच आठवड्यात, एकाच धाटणीत, ‘बेस्ट सर्व्हिस, व्हेरी कोऑपरेटिव्ह स्टाफ’ असं लिहिणारी आठ माणसं दिसली की वाचणाऱ्याला वास येतोच, आणि खोट्या प्रतिक्रिया नकाशा चालवणाऱ्या कंपनीच्या नियमातही बसत नाहीत. माझ्या मते एका खऱ्या वाईट शेऱ्यापेक्षा आठ खोटी कौतुकं जास्त घातक असतात.

रिफंड नेमका कुठे थांबतो

कर सल्लागारांवरच्या तक्रारींमध्ये रिफंड हा शब्द वारंवार येतो. त्याचा प्रवास एकदा पाहिला की कोणती तक्रार कोणाच्या दारात न्यायची हे आपोआप कळतं.

विवरणपत्र पोर्टलवर भरलं म्हणजे ते दाखल झालं असं बहुतेकांना वाटतं. ते अर्धंच काम असतं. भरल्यापासून ३० दिवसांत त्याची ई-पडताळणी करावी लागते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकायचा. आधी यासाठी १२० दिवस मिळायचे, ऑगस्ट २०२२पासून ३० झाले. आता तो ओटीपी येतो करदात्याच्या फोनवर, सल्लागाराच्या नव्हे. सल्लागाराच्या कार्यालयातली मुलगी फोन करते, ‘काका, ओटीपी सांगा’, आणि काका म्हणतात, ‘ओटीपी कोणाला सांगायचा नसतो!’ काकांचंही बरोबरच आहे, बँकेने त्यांना तेच शिकवलंय. पण पडताळणी राहिली की विवरणपत्र तिथेच पडून राहतं. त्यावर प्रक्रिया सुरूच होत नाही.

पडताळणी झाली की कागद (म्हणजे आता नुसतीच माहिती) बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे जातो. तिथे संगणक दोन बाजू जुळवतो: तुम्ही काय दाखवलं आणि तुमच्या मालकाने, बँकेने, फंडाने सरकारला काय कळवलं. दुसरी बाजू फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरणात दिसते. बँकेने ठेवीच्या व्याजावर कर कापला पण तुमचा पॅन चुकीचा कळवला, तर तो कर तुमच्या नावावर दिसतच नाही. जानेवारी ते मार्चचं टीडीएस विवरण देण्याची मुदत ३१ मे असते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये ‘लवकर भरून टाका, लवकर रिफंड येईल’ असा आग्रह धरणाऱ्याचा आकडा जुळत नाही आणि घाईच नडते. जाणता सल्लागार जूनच्या मध्यापर्यंत थांबायला सांगतो. ग्राहकाला तो आळस वाटतो.

आकडे जुळले की कलम १४३(१)ची इंटिमेशन ईमेलवर येते. तिथेही रिफंड पूर्ण मिळेलच असं नाही. दहा वर्षांपूर्वीची काही जुनी मागणी विभागाच्या दफ्तरात पडून असेल, तर ती आधी वळती करण्याबद्दल नोटीस येते. ती नोटीस बहुधा अशा ईमेल पत्त्यावर जाते, जो नोंदणीच्या वेळी कोणीतरी दिला होता आणि आता कोणी उघडत नाही.

शेवटचा टप्पा बँक खात्याचा. खातं पोर्टलवर आधीच प्रमाणित केलेलं हवं आणि नाव पॅनशी जुळायला हवं. २०१९ आणि २०२०मध्ये बऱ्याच सरकारी बँका एकमेकींत विलीन झाल्या. देना बँक बँक ऑफ बडोदात गेली, सिंडिकेट कॅनरात गेली. शाखांचे आयएफएससी कोड बदलले. जुना कोड तसाच ठेवणाऱ्यांचे रिफंड परत गेले आणि ते पुन्हा पाठवण्याची विनंती पोर्टलवर करावी लागली.

एवढ्या मोठ्या साखळीत सल्लागाराच्या हातात काय? आकडे नीट भरणं, खातं तपासायला सांगणं, ई-पडताळणीची आठवण करणं, नोटीस आली तर ती पाहणं. रिफंड मंजूर करणं त्याच्या हातात नाही, अडवून ठेवणंही नाही. म्हणून ‘रिफंड अडवला’ या वाक्यात बहुधा तथ्य नसतं. पण त्याच मजकुरातलं ‘फोन उचलत नाहीत’ हे वाक्य? त्यात बहुधा असतं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कुठल्याही कर सल्लागाराला फोन लावून पाहावा.

टीका वाचताना सल्लागाराने पहिलं काम करायचं ते हे: वाक्यं सुटी करायची. कोणतं वाक्य विभागाबद्दल आहे, कोणतं आपल्याबद्दल? रागात लिहिलेल्या चार ओळींत एखादी ओळ बहुधा कामाची निघते.

नकार दिल्याची शिक्षा

एक तारा मिळण्याचं आणखी एक कारण आहे, ते उघडपणे कधीच लिहिलं जात नाही. ‘माझ्या मित्राला त्याच्या माणसाने ४० हजार रिफंड काढून दिला, तुम्ही आठच हजार काढता’ हे वाक्य प्रत्येक सल्लागाराने ऐकलेलं असतं. मित्राच्या माणसाने राजकीय पक्षाला न दिलेली देणगी दाखवलेली असते, नाहीतर कधीच न भरलेलं घरभाडं.

१४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने अशा खोट्या वजावटी भरून देणाऱ्या मध्यस्थांवर देशभर कारवाई केली, १५० ठिकाणी तपासणी झाली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी विवरणपत्रं सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचं विभागाने तेव्हा सांगितलं. म्हणजे मोठा रिफंड काढून देणाऱ्या माणसाला पहिल्या वर्षी पाच तारे मिळतात, नोटीस तिसऱ्या वर्षी येते. आणि नाही म्हणणाऱ्याला पहिल्याच वर्षी एक तारा मिळतो. तारे मोजणाऱ्या यंत्राला हा फरक कळत नाही.

नाव लपवणारा भित्राच असतो का?

‘हिंमत असेल तर नावानिशी लिहा’ असं उत्तर देण्याचा मोह होतो. पण ग्राहकाच्या बाजूने पाहा. हॉटेलवाल्याला आपण काय खाल्लं एवढंच माहीत असतं. कर सल्लागाराला आपला पगार, कर्ज, बायकोच्या नावावरची ठेव, वडिलांच्या जमिनीचा सौदा, सगळं माहीत असतं. बरेचदा पोर्टलचा पासवर्डही त्याच्याच वहीत असतो. तालुक्याच्या गावी तर तो भाच्याच्या लग्नात समोरच्या पंगतीत बसलेला असतो. अशा माणसाबद्दल नावानिशी लिहायला कोण धजेल? नाव लपवलं म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

खोट्याही असतात, अर्थात. शेजारच्या प्रतिस्पर्ध्याने टाकलेल्या, पाया पडूनही फी न देणाऱ्याने टाकलेल्या, आणि भलत्याच दुकानाबद्दलच्या, पण चुकून इथे टाकलेल्या. भारतीय मानक ब्युरोने २०२२मध्ये ऑनलाइन प्रतिक्रियांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. प्रतिक्रिया देणारा खरा माणूस आहे का हे ईमेल वा फोनवरून तपासावं, अशी त्यात अपेक्षा आहे. पण ते ऐच्छिक आहे.

पुरावा असून दाखवता का येत नाही

आता मूळ कोड्याकडे. समजा सल्लागाराने चिडून असं उत्तर लिहिलं:

‘साहेब, आईला भाडं दिल्याचं दाखवा असं तुम्हीच म्हणालात. पावती मागितली तर नव्हती. पगार १४ लाख आणि आमची दोन हजार फी द्यायला तीन महिने! आता बोलताय?’

वाचायला मजा येते. पण या चार ओळींत त्याने काय काय सांगून टाकलं? हा माणूस आपला ग्राहक आहे. त्याचा पगार किती. तो आईला भाडं दाखवू पाहत होता. तो पैसे थकवतो. पहिलं वाक्य तर जवळजवळ आयकर विभागाला दिलेली खबर आहे.

चार्टर्ड अकाउंटंटसाठी हे सरळ गैरवर्तन आहे. त्याच १९४९च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात, पहिल्या भागाचं पहिलंच कलम सांगतं की कामाच्या ओघात मिळालेली माहिती ग्राहकाच्या संमतीशिवाय, किंवा कायद्याने भाग पडल्याशिवाय, दुसऱ्या कोणाला सांगायची नाही. ग्राहकाने आपल्याला शिव्या दिल्या तर सांगायला हरकत नाही, अशी सूट त्यात नाही. वकिलांवरही साक्षीच्या कायद्याने असंच बंधन आहे. पदवी नसलेल्या कर सल्लागाराला हे परिशिष्ट लागू नसेल, पण ग्राहकाने कागद ज्या विश्वासाने दिले तो विश्वास तोच असतो.

अमेरिकेत डॅलसच्या एका दंतवैद्यक संस्थेने येल्प या प्रतिक्रियांच्या संकेतस्थळावरच्या टीकेला उत्तर देताना रुग्णाचं आडनाव आणि प्रकृतीचा तपशील लिहिला. त्याबद्दल २०१९मध्ये संस्थेला १० हजार डॉलर भरावे लागले. तिथे करविवरण तयार करणाऱ्यांसाठी तर ग्राहकाची माहिती विनापरवाना उघड करणं हा फौजदारी गुन्हाच आहे. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींचं विवरणपत्र भरणारा देसी सीपीए (तिकडचा चार्टर्ड अकाउंटंट) ऑनलाइन टीकेला तोलूनमापून उत्तर देतो, ते काही उगाच नाही.

आणखी एक खाचखळगा आहे. निनावी माणूस कोण, याचा सल्लागाराने नुसता अंदाज केलेला असतो. ‘आर. के.’ म्हणजे गेल्या वर्षी भांडून गेलेले ते अमुक गृहस्थच, असं ठरवून त्याने तपशील लिहिला आणि आर. के. निघाला दुसराच, तर ज्याने एक अक्षरही लिहिलं नाही त्याचा पगार चव्हाट्यावर आला.

उत्तर कोणाला उद्देशून?

शेरा लिहिणाऱ्याला आपण जिंकू शकत नाही. त्याची समजूत घालायची तर ती फोनवर किंवा कार्यालयात घालावी लागते. जाहीर उत्तर वाचतो तो तिसराच माणूस: उद्या आपला फॉर्म १६ घेऊन कोणाकडे जावं याचा विचार करणारा. तो खरं-खोटं करत बसत नाही. तो एवढंच पाहतो की उद्या माझं याच्याशी वाजलं, तर हा माझ्याबद्दल चारचौघांत काय बोलेल?

टेक्सासमधल्या हॉटेलांवर झालेला, २०१७मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे उपयोगी आहे. हॉटेलांनी प्रतिक्रियांना उत्तरं द्यायला सुरुवात केल्यावर प्रतिक्रियांची संख्या सुमारे १२ टक्क्यांनी वाढली आणि सरासरी ०.१२ ताऱ्याने वर गेली. गंमत पुढे आहे. वाईट प्रतिक्रिया कमी झाल्या, पण होत्या त्या लांबल्या. कोणीतरी वाचतंय आणि उत्तर देतंय हे कळल्यावर उगाच खडा टाकणारे थबकले आणि ज्यांना खरंच काही सांगायचं होतं ते तपशीलवार लिहू लागले.

मग उत्तर कसं असावं? नमुना असा:

| चौकट: एक नमुना उत्तर |
|---|
| आपण लिहिलेलं वाचलं. आमचे ग्राहक कोण आणि कोण नाहीत हे आम्ही जाहीर करत नाही, म्हणून इथे तपशिलात जात नाही. रिफंड आयकर विभागाकडून येतो. तो कोणत्या टप्प्यावर आहे हे पोर्टलवर कसं पाहायचं, ते आम्ही कार्यालयात कोणालाही दाखवतो. जुलैत फोन लागत नाही ही तक्रार आम्हाला मान्य आहे. आता संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत फक्त चौकशीसाठी एक माणूस फोनवर असतो. आपला पॅन किंवा पोचपावती क्रमांक कृपया इथे लिहू नका. |

बघा, यात ‘तुम्ही आमच्याकडे आला होता’ असंही म्हटलेलं नाही आणि ‘तुम्ही आमचे ग्राहकच नाही’ असंही नाही. दुसरं वाक्य बरेच जण बेधडक लिहितात. पण ‘नाही’ म्हणणं हीदेखील माहितीच. शिवाय माणूस खरोखर ग्राहक निघाला तर खोटेपणा पदरात पडतो. नमुन्यातलं पाचवं आणि सहावं वाक्य सगळ्यात मोलाचं: जे खरं होतं ते मान्य केलं आणि त्यावर काय केलं ते सांगितलं. असं उत्तर शेरा वाचला त्याच रात्री लिहू नये. दुसऱ्या दिवशी लिहावं आणि टाकण्याआधी कार्यालयातल्या दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्यावं.

काढून टाकता येतं का?

पटत नाही म्हणून मजकूर निघत नाही. शिवीगाळ, धमकी, कोणाची खासगी माहिती, प्रतिस्पर्ध्याचा हात किंवा विषयाशी संबंध नसणं, असं कारण दाखवून कंपनीकडे तक्रार करता येते. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मोठ्या कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याने २४ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते. निकाल पटला नाही तर २०२३मध्ये नेमलेल्या तक्रार अपील समित्यांकडे जाता येतं. मात्र खरं कोण आणि खोटं कोण याचा निवाडा कंपनी करत नाही. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५मध्ये सांगितलं की न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आला तरच अशा मध्यस्थ कंपनीला मजकुराची ‘प्रत्यक्ष जाणीव’ झाली असं मानायचं. कोणाही चिडलेल्या माणसाच्या पत्रावरून नाही.

न्यायालयात जाता येतं. प्रतिवादी कोण ते ठाऊक नसेल तर इंग्लंड-अमेरिकेत दाव्यात ‘जॉन डो’ असं लिहितात, आपल्याकडे त्या जागी ‘अशोक कुमार’ असतो. न्यायालयाने सांगितलं तर कंपनी त्या खात्याचा ईमेल आणि आयपी पत्ता देते. मग इंटरनेट कंपनीला विचारायचं की त्या वेळी हा पत्ता कोणाकडे होता. शेवटी कळतं की तो एखाद्या कॅफेच्या वायफायचा होता. बदनामीच्या दिवाणी दाव्याची मुदत मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्ष. फौजदारी बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये आहे आणि तिला अपवादही बरेच आहेत: लोकहिताचं खरं बोलणं, चांगल्या हेतूने इतरांना सावध करणं.

‘यांनी माझी सही खोटी केली’, ‘कराचे पैसे घेऊन भरलेच नाहीत’ असा गुन्ह्याचा ठोस, खोटा आरोप असेल तर वकिलाकडे जरूर जावं, आणि त्याआधी तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. पण ‘फोन उचलत नाहीत’साठी वकिलाची नोटीस पाठवणं हा पोरकटपणा आहे. २००३मध्ये गायिका बार्ब्रा स्ट्रायसँडने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याच्या छायाचित्रांतून आपल्या बंगल्याचा फोटो काढून टाकावा म्हणून ५ कोटी डॉलरचा दावा लावला. तोवर तो फोटो फक्त सहा वेळा उतरवून घेतला गेला होता, त्यातले दोनदा तिच्याच वकिलांनी. दाव्याची बातमी पसरल्यावर महिनाभरात चार लाखांहून अधिक लोक तो पाहून गेले. दावाही ती हरली.

तुम्ही सल्लागार नसाल, ग्राहक असाल, तर एक विनंती. लिहा, निनावी लिहायचं तर निनावी लिहा. पण कोणत्या वर्षाचं काम, काय ठरलं होतं, फी किती सांगितली होती, काय झालं नाही, एवढं लिहा. आणि ‘रिफंड अडवला’ असं लिहिण्याआधी पोर्टल उघडून दोन गोष्टी पाहा: ई-पडताळणी झाली आहे का आणि बँक खातं प्रमाणित आहे का.